‘उचलून घेऊ की!’ म्हणण्याआधी दार मोजा

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमचं घर आहे. चार खोल्या पर्यटकांना देतो, जेवणखाण घरचंच. डिसेंबरात पुण्याहून एका ताईंचा फोन आला. वडील व्हीलचेअरवर असतात, चालेल का? मी म्हटलं, तीन पायऱ्या आहेत, पण आमची पोरं उचलून घेतील, काळजी करू नका. सहा जण आले. आजोबांना आत घेतलं, पण खुर्ची बाथरूमच्या दारातून जाईना. दोन रात्रींचं बुकिंग होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन सगळे निघून गेले. भांडण नाही, पैसेही पूर्ण दिले. पण मला लागून राहिलंय. पुढच्या हंगामाआधी काय काय करून घेऊ? आणि एवढ्याशा घरगुती धंद्याला हे परवडतं का?

उत्तर : त्या संध्याकाळी आजोबा पाणी किती प्यायले, आठवून बघा. आल्याआल्या चहा, जेवताना सोलकढी, सगळं तुम्ही पुढे केलं असणार आणि त्यांनी ‘आत्ता नको’ म्हटलं असणार. बाथरूमचं दार अरुंद आहे हे कळलं की माणूस सगळ्यात आधी पाणी पिणं बंद करतो. मी मूळची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार-अपंगत्वातही रोजची कामं कशी जमवायची ते शिकवणारी. गेली अठरा-एकोणीस वर्षं व्हीलचेअर वापरणाऱ्या, अंध, कर्णबधिर मंडळींच्या छोट्या सहली नेते, आणि जोडीला हॉटेलं, घरगुती निवास तपासून देते. प्रवासाच्या दिवशी पहाटेपासून घोटभर पाणी न घेणारी माणसं इतकी बघितली आहेत की सहलीत कुणी पेला परत केला, तर मी काही न बोलता आधी बाथरूम बघून येते.

पायऱ्या आहेत हे तुम्ही फोनवर सांगितलंत, ते बरोबरच केलंत. गडबड झाली ती पुढच्या वाक्यात.

‘उचलून घेऊ की!’ हे आपल्याकडे फार मनापासून म्हटलं जातं. देवळात, लग्नाच्या हॉलवर, गडाच्या पायथ्याशी. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून तर कुणाला नाही म्हणता येत नाही. पण माणूस साठ-सत्तर किलोचा, खुर्ची पंधरा-वीस किलोची, आणि पोरांनी हे काम जन्मात केलेलं नसतं. एका देवस्थानात माझ्या गटातल्या बाईंना असंच चार उत्साही मुलांनी उचललं. त्यांनी खुर्चीचे हात धरले होते. बऱ्याच खुर्च्यांचे हात काढता-घालता येतात, बाजूने पलंगावर सरकता यावं म्हणून. दुसऱ्या पायरीवर एका बाजूचा हात सळकन निघून वर आला आणि बाई पुढे कलंडल्या. मागच्या मुलाने खांदा आणि पदर एकदम मुठीत पकडला म्हणून वाचल्या. त्यानंतर सहल संपेपर्यंत त्या गाडीतच बसून राहिल्या. ‘तुम्ही बघून या, मी इथे मजेत आहे.’

दुसरा प्रकार काखेत हात घालून ओढण्याचा. पक्षाघात झालेल्या माणसाचा लुळा पडलेला खांदा त्या ओढण्याने निखळतो. आणि तिसरी गोष्ट, आजोबांना उचलू का, हे तुम्ही त्यांना विचारलं होतंत की त्यांच्या मुलीला? बहुतेक ठिकाणी मुलीला, जावयाला, ड्रायव्हरला विचारतात. ज्याला उचलायचं तो मधे बसून सगळ्यांची तोंडं बघत असतो.

कधी दुसरा इलाज नसतोच. तेव्हा खुर्चीत बसलेल्या माणसालाच विचारायचं, कुठे धरू, कसं धरू. त्याला ते पाठ असतं. धरायची ती खुर्चीची मुख्य चौकट. हात नाही, पाय ठेवायच्या पट्ट्याही नाहीत. चढताना असो की उतरताना, बसलेल्याचं तोंड खालच्या बाजूला. मागे सगळ्यात ताकदवान माणूस, आणि ‘एक, दोन, चला’ एकानेच म्हणायचं. पोरांना हे एकदा रिकाम्या खुर्चीवर शिकवून ठेवा. पण अडीअडचणीची ही सोय तुमच्या जाहिरातीत घालू नका.

आता टेप घ्या आणि बाथरूमच्या दाराशी उभे राहा. पुढचं बहुतेक काम तिथेच आहे. पायऱ्या सगळ्यांना दिसतात म्हणून रॅम्प आधी बांधला जातो, आणि माणूस ऐटीत आत येऊन दाराच्या चौकटीत अडकतो.

साधी घडीची खुर्ची बाहेरून बाहेर २४ ते २६ इंच भरते. तिची चाकं हाताने फिरवायची तर दोन्ही बाजूंना बोटांची पेरं सोलली जाणार नाहीत एवढी जागा लागते. आपल्याकडचं बाथरूमचं दार ‘अडीच फुटी’ म्हणून बसवतात, पण त्यात चौकट जाते, उघडलेल्या पल्ल्याची जाडी जाते, आणि उरतात पंचवीस-सव्वीस इंच. म्हणून माप घेताना पल्ला उघडा ठेवा आणि पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर मोजा. ते ३२ इंच हवं, ३६ मिळालं तर उत्तम. आज, पैसे न घालता करण्यासारखं काय, तर बिजागऱ्यांतून पल्ला काढून जाड पडदा लावणं. त्यात इंच-दीड इंच सुटतो आणि कधी कधी तेवढ्यावर काम भागतं. कायमचं करायचं तर दार रुंद करून पल्ला बाहेर उघडणारा किंवा सरकता करा. आत उघडणाऱ्या दाराचा धोका वेगळाच आहे. आत कुणी पडलं तर पडलेल्या माणसामुळेच दार उघडत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी मिळते, ती घ्या.

आतमध्ये खुर्ची गोल वळायला पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा लागते. तुमच्या चारही बाथरूममध्ये एवढी जागा निघणार नाही, आणि चारही करायची गरजही नाही. एकच खोली धरा, तळमजल्यावरची, पण तिथे सगळं नीट करा. कमोडची बैठक जमिनीपासून १८ इंचांच्या आसपास, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या जवळपास. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तीन फूट मोकळी जागा, तिथे खुर्ची लावून माणूस बाजूने सरकतो. भिंतीच्या बाजूला पक्की आडवी दांडी, मोकळ्या बाजूला वर उचलून ठेवता येणारी. जेट स्प्रे ज्या हाताला पोचेल त्या बाजूला. बेसिन खांबाचं नको, खालून मोकळं हवं, नाहीतर गुडघे आपटतात आणि नळ हाताला लागत नाही. मोरीचा दोन-तीन इंचांचा खड्डा भरून घ्या, पाणी जाळीकडे वाहील इतका नुसता उतार ठेवा. गुळगुळीत चकचकीत फरशी काढून खरखरीत टाका. हँड शॉवर, आणि अंघोळीला चाकाची कमोड खुर्ची. ही खुर्ची अरुंद असते. दार रुंद करणं ह्या वर्षी जमणार नसेल तर निदान हीच घेऊन ठेवा. शल्योपचार साहित्याच्या दुकानात मिळते. पलंगावरून तिच्यावर बसायचं, ती कमोडवरही सरकते.

दांडीबद्दल थोडं थांबते, कारण तुमच्या भिंती जांभ्याच्या असतील. एका चांगल्या नावाजलेल्या हॉटेलात मी तपासणीला गेले होते. मॅनेजर कौतुकाने म्हणाला, ‘मॅडम, ग्रॅब बार बसवलेत.’ मी धरून जरा भार टाकला आणि दांडी स्क्रूंसकट माझ्या हातात आली. टॉवेलची दांडी होती ती, जागा फक्त बदलली होती. आधाराच्या दांडीवर पूर्ण माणूस लटकतो, तेव्हा ती त्याच कामासाठी बनवलेली, मुठीत मावेल अशी सव्वा ते दीड इंच जाडीची स्टीलची घ्या. जांभा मऊ, भोकाभोकांचा. त्यात साधे फास्टनर काही महिन्यांत हलायला लागतात. भिंतीतून आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावून घ्या, किंवा तेवढा भाग विटा-सिमेंटचा करून घ्या. बसवल्यावर तुम्ही स्वतः लटकून बघा. गवंड्यालाही लटकवा.

आणि एक गोष्ट, जी मोठमोठ्या हॉटेलांना सांगूनही पटत नाही. मणक्याला इजा झालेल्या बऱ्याच जणांना कमरेखाली गरम-गार कळत नाही. तुमच्याकडे बंब असेल तर त्यातलं कढत पाणी पायावर पडलं तरी त्यांना पत्ता लागणार नाही, फोड आल्यावरच दिसेल. पाणी विसावून द्या, आणि ‘हाताने बघून घ्या’ असं सांगा. तसंच गादीचं. गोळे झालेली कापसाची गादी तुमच्या-माझ्या पाठीला फार तर एक रात्र टोचेल, पण ज्याला टोचलेलं कळत नाही त्याला त्यातून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. एक बरी फोमची गादी त्या खोलीत टाका. पलंग गादीसकट १८ ते २० इंच उंच, एका बाजूला तीन फूट मोकळे. बाथरूममध्ये झाकणाची बादली. लघवीच्या पिशव्या, डायपर कुठे टाकायचे हे विचारायची वेळ पाहुण्यावर येऊ नये.

आता तुमच्या तीन पायऱ्या. एक पायरी सात इंचांची धरली तर जोतं एकवीस इंच. दिव्यांगांच्या सोयींबद्दलच्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही उताराचं जास्तीत जास्त प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. एकवीस इंचांना एकवीस फूट. शिवाय वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट. गवंड्याला रॅम्प म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे स्कूटर येते. तो चार फुटांत काम उरकतो आणि वर म्हणतो, ‘ढकलणारा असतोच की संगट!’ चढवताना दोघे मिळून कसंबसं चढवतील. उतरताना मात्र खुर्ची, माणूस आणि ढकलणारा तिघेही अंगणातल्या तुळशीपाशी पोचतील. अंगण लहान असेल तर उतार मधे वळवा, वळणावर पाच फुटांचा सपाट चौथरा ठेवा. दोन्ही कडांना तीन इंचांची कड, दोन्ही बाजूंना कठडा. वरून कोबा, त्यावर झाडूने ओढलेल्या आडव्या रेघा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटींत पुढची लहान चाकं अडकतात. तुमच्या घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, असेल तर तीही आजच मोजायला घ्या, कारण मग जोत्याच्या पायऱ्या हा प्रश्नच दुय्यम ठरतो.

पण हे सगळं करायच्या आधी घराला एक फेरी मारा. कोकणातली घरं उतारावर असतात, मागच्या पडवीत कित्येकदा एकच पायरी असते. पाहुण्याला मागच्या दाराने कसं न्यायचं, असा संकोच मला घरोघरी दिसतो. माझं म्हणणं, मागचं दार सपाट असेल तर तेच झाडून-पुसून, दिवा लावून सगळ्या पाहुण्यांचं दार करा. उंबरठा मात्र तोडू नका. आई तयार होणार नाही, आणि गरजही नाही. दोन्ही बाजूंना लाकडी पाचरा ठेवल्या की चार इंचांचा उंबरठा ओलांडता येतो, पाहुणे गेले की पाचरा माळ्यावर.

सिमेंट ओतायच्या आधी एक हंगाम लाकडी उतार वापरून बघा. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले होते. त्यांना कुतुबमिनार, हुमायूनची कबर बघायची होती. स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते जावेद अबिदी पुरातत्त्व खात्याच्या मागे लागले आणि तिथे लाकडी उतार टाकले गेले. जे इतकी वर्षं ‘वारशाच्या वास्तूत शक्यच नाही’ होतं, ते फळ्यांनी जमलं, आणि मग कायमच्या सोयींची मागणी कुणाला सहज उडवून लावता येईना. तुमच्या अंगणात फळ्या टाकल्यात तर आणखी एक फायदा होईल. उतार कुठून सोयीचा पडतो, मोटरसायकल कुठे आडवी येते, पागोळ्या कुठे गळतात, हे सिमेंट वाळायच्या आधी कळेल.

समुद्रासाठी लोक तुमच्याकडे येतात, आणि नेमकं तिथेच बहुतेक जण खुर्चीतल्या माणसाला गाडीत ठेवून पुढे जातात. तुमच्या बाजूच्या किनाऱ्यांची, कर्द्याची किंवा मुरुडची, एक चांगली गोष्ट अशी की ओहोटीला ओली वाळू घट्ट आणि सपाट असते. साधी खुर्चीसुद्धा तिच्यावर चालते. अडचण आहे ती रस्ता आणि ओली वाळू यांच्या मधल्या भुसभुशीत पट्ट्याची. तिथे पुढची चाकं रुततात. खुर्ची उलटी करून, मोठी चाकं पुढे घेऊन ओढली तर थोडं जमतं. त्याहून बरं म्हणजे काथ्याच्या जाड चटया किंवा जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे अंथरणं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये २६३ मीटर लांबीचा लाकडी मार्ग खुला झाला. लोक पहिल्यांदा लाटेजवळ गेले, वर्तमानपत्रांत फोटो आले. पंधरा दिवसांच्या आत मंदौस चक्रीवादळाने त्याचं बरंच नुकसान केलं आणि डागडुजी करावी लागली. तेव्हा तुम्ही गुंडाळून घरी नेता येईल असंच काही वापरा. तसंही किनाऱ्यावर कायमचं काही बांधायचं तर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या, परवानग्या आल्या, त्यात तुम्ही एकट्याने पडू नका. ग्रामपंचायतीत विषय काढा. फुगीर टायरची वाळूत चालणारी एक खुर्ची चार-सहा निवासवाल्यांनी मिळून घेतली तर कुणालाच जड जाणार नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र पाहुण्याला आदल्या रात्रीच सांगा. डॉल्फिन बघायच्या होडीचं आणि सुवर्णदुर्गाचं आश्वासन देऊ नका. गुडघाभर पाण्यातून होडीत चढवणं म्हणजे पुन्हा उचलणंच आलं, आणि इथे तर पायाखालची जमीनही हलते.

येण्याजाण्याचं थोडक्यात. कोकण रेल्वेने आले तर खेडला उतरणार, तिथे गाडीचा थांबा मिनिटांतच संपतो. कोणत्या फलाटावर, डबा कुठे, हे आधी विचारून ठेवून तुमचा माणूस तिथे उभा पाहिजे. एसटीत दिव्यांगांना भाड्यात सवलत आहे, पण बसच्या पायऱ्या तुम्हाला माहीतच आहेत. टॅक्सी ठरवून देताना दोन गोष्टी बघा. उंच गाडीपेक्षा वॅगनआरसारखी बसक्या-मध्यम बैठकीची गाडी बरी, खुर्चीतून सरकत बसता येतं. आणि गाडी सीएनजीची आहे का ते विचारा. डिकीत टाकी असली की खुर्ची ठेवायची कुठे, हा वाद रस्त्यात उभं राहून होतो.

एवढा वेळ व्हीलचेअरचंच बोलले कारण तुमचा प्रश्न तिचा होता. पण हळूहळू दुसरेही येतील, आणि त्यांच्यासाठी गवंडी लागत नाही.

अंध पाहुणे आले की पहिल्या दहा मिनिटांत खोली हाताने दाखवा. पलंग, दार, बाथरूम, पाण्याचा तांब्या. नंतर खुर्ची-स्टूल सुद्धा हलवू नका. त्यांचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, ते धरतील. जेवायला वाढताना आपलं जुनं वळण इथे फार उपयोगी पडतं. एका अंध प्राध्यापकांना मी प्रत्येक वाटी कुठे आहे ते सांगायला लागले, तर ते हसून म्हणाले, ‘पान नेहमीसारखं वाढलंय ना? मग मला माहितेय.’ वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. ज्याच्या घरी असं पान वाढलं जातं त्याला डोळ्यांची गरज लागत नाही. बदललं असेल तेवढंच सांगा. आणि फिरायला नेताना नुसतं ‘समोर फार सुंदर दिसतंय’ म्हणून थांबू नका. आंब्याचं कलम कसं बांधतात ते हाताला लागू द्या, नारळ सोलायची सुळकी, रहाटाचा दोर, काजूच्या बोंडूचा वास. बागेत तासभर तुमचा गडी त्यांच्याबरोबर असला तर ती त्यांची सहल झाली.

कर्णबधिर पाहुण्यांसाठी फोन नको, व्हॉट्सॲपवर लिहा. दार ठोठावून काही होणार नाही, तेव्हा रात्री काही झालं तर कसं उठवायचं ते आल्यादिवशीच ठरवा. बाहेरून लागणारा आतला दिवा किंवा खोलीच्या किल्लीची दुसरी जोडी. ओरडून बोलल्याने ऐकू येत नाही, नुसता चेहरा रागीट दिसतो.

स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे आई-बाप मला एकच प्रश्न विचारतात, विहिरीला कठडा आहे का? तुमच्या आवारात विहीर असणारच. कठडा कमरेएवढा हवा, वर जाळी हवी, आवाराचं बेडं, म्हणजे फाटक, आतून नीट लागायला हवं. हे झालं की त्या आईला कदाचित कित्येक वर्षांत पहिल्यांदा पडवीत बसून चहा पिता येईल.

परवडण्याचं विचारलंत. आजोबांबरोबर किती जण आले होते? सहा. खुर्चीवरचा माणूस एकटा क्वचित येतो. त्याला जिथे जमेल तिथे अख्खं कुटुंब जातं, आणि एकदा जमलं की दरवर्षी तिथेच जातं, कारण नवीन जागा शोधणं हे त्यांच्यासाठी पंधरा फोनांचं काम असतं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. पण तुमचा खरा ग्राहक त्या आकड्याच्या बाहेर आहे. ज्यांचे गुडघे गेलेत, जे स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाहीत, पण दांडी दिसली की हळूच धरतील, अशा आजी-आजोबांनी तुमच्या चारही खोल्या भरतील. दांड्या, हँड शॉवर, कमोड खुर्ची, लाकडी उतार, पाचरा, एवढं मिळून एका खोलीला एसी बसवायला लागतात तेवढ्या पैशांत बसतं. दार रुंद करणं आणि मोरी भरणं हा खर्च वेगळा, तो जमेल तेव्हा.

कायद्याचंही ऐकून ठेवा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात सेवा देणारे म्हणजे फक्त सरकार असं नाही, खासगीही आले. सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा वापरता यावी यासाठीचे, निकष नियमांत नुसत्या शिफारशीसारखे ठेवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष बनवायला सांगितले. उद्या तुमच्या दारात कुणी अधिकारी टेप घेऊन येईल असं मला वाटत नाही. पाहुणा मात्र फोनवर विचारणार, आणि त्याला उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

तर ते उत्तर. ‘चालेल का?’ ह्या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही म्हणू नका, मापं सांगा. बाहेरच्या पायऱ्या किती आणि किती इंचांच्या, उतार किती फुटांचा, खोलीचं आणि बाथरूमचं दार मोकळं किती, कमोडची उंची, पलंगाची उंची, गाडी कुठपर्यंत येते. टेप लावलेली दिसेल असे फोटो काढून ठेवा, आणि गाडीपासून पलंगापर्यंत न थांबता चालत काढलेला एक व्हिडिओ. न थांबता अशासाठी, की तुकड्यातुकड्यांनी काढलं की नेमकी अडचणीची पायरी दोन तुकड्यांच्या मधे गायब होते. ‘डिसेबल-फ्रेंडली’ असं पाटीवर लिहू नका. त्या शब्दावर विसंबून गेलेल्या लोकांना मी दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या मिळालेल्या बघितल्या आहेत. दार २६ इंची आहे असं तुम्ही डिसेंबरात सांगितलं असतंत तर त्या ताई कदाचित आल्या नसत्या, किंवा अरुंद कमोड खुर्ची गाडीत टाकून आल्या असत्या आणि दोन्ही रात्री राहिल्या असत्या.

बाथरूम फोडायचं काम पावसाळ्यात काढा, खोल्या रिकाम्या असतात आणि प्लंबरही मिळतो. उताराचा कोबा पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाणी मारून पक्का होईल. आणि काम सुरू करायच्या आधी त्या पुण्याच्या ताईंना फोन करा. ख्यालीखुशाली विचारून झाली की आजोबांकडे फोन द्यायला सांगा. खुर्ची किती इंची आहे, डावीकडून सरकतात की उजवीकडून, दांडी कुठे असती तर बरं झालं असतं, हे त्यांनाच माहीत असणार.